भरतीची वेळ सांगणारा

अगं सुनंदा, इकडं ये, बस जवळ. कागदावर का होईना, पण बस. दोन दिवाळ्या झाल्या, माझ्या या घराचा उंबरा तू ओलांडला नाहीस. धाकटी जाऊ ना तू माझी? तुर्भ्याहून करंजाडे काय सातासमुद्रापलीकडे आहे?

टेम्पो आला ती सकाळ आठवते ना? आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. मी ओटीवर उभी राहिले, पण म्हणू कुणाला? गावकीनं सांगितलेलं, यांच्या दारात कुणी जायचं नाही. सगळी दारं लोटलेली. तू तेवढी मागच्या कुडावरून सुक्या बोंबलांची पिशवी हातात कोंबलीस आणि तोंडाला पदर लावून पळालीस. तुलाही 'येते' म्हणायचं राहून गेलं बघ.

तुझ्या भावजींनी केलं तरी काय होतं? कंपनीत घाण पाणी साफ करायच्या प्लांटवर होते. खाडीवरचा माणूस, तिथी सांगितली की भरती कधी लागणार, कधी उतरणार, बोटांवर मोजून सांगायचे. मामंजींनी शिकवलेलं, जाळी टाकायला. साहेबानं तेच कामाला लावलं. पाणी साफ करण्यात खर्च होतो, म्हणून यांना वेळ विचारायची आणि भरती उतरायला लागली की झडप उघडून घाण पाणी तसंच खाडीत सोडायचं. ओहोटी सगळं घेऊन जाते, मागं राहतो तो वास. हेही सांगत राहिले वेळ. नोकरी होती ना.

मग एकदा सासूबाईंनी कोळंबीची पाटी यांच्यापुढं ठेवली. सगळी मेलेली, केमिकलचा भपका. म्हणाल्या, "खाडीला आई म्हनतंस आनी तिच्याच ताटात इख घालतंस?" हे त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रदूषणवाल्यांच्या कचेरीत जाऊन यांनी कंपनीची तक्रार दिली. तक्रार घेताना तिथं सांगितलं, नाव गुप्त राहील. आणि तपासाला आलेला माणूस गाडीतून उतरून नाक्यावरच यांचं नाव घेऊन विचारतो, "कंपनीची तक्रार केली ते कुठं राहतात?" लोकांनी अगदी दारापर्यंत आणून सोडला. दारी आला म्हणून मी चहासुद्धा दिला त्याला. चहा निवेपर्यंत गावभर झालेलं.

यांना कामावरून काढलं. वाशीच्या वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, कायदा आहे, पण सरकारी कारभारातलं उघड करणाऱ्यांसाठी. तोही अजून कागदावरच. खाजगी कंपनीतल्या माणसाला तसा आडोसा नाही." कंपनी काही दिवस बंद राहिली, गावातले कितीतरी जण घरी बसले. तुझा नवरासुद्धा. ओटीवर येऊन यांना म्हणाला, "दादा, खाल्ल्या मिठाला तरी जागायचं व्हतं." हे एवढंच बोलले, "मीठ मी खाडीचं खाल्लंय." त्यानंतर भाऊ भावाशी बोललेला नाही. मी कुणाला वाईट म्हणत नाही, सुनंदा. चूल तुझीही थंड होती, ठाऊक आहे मला.

इथं आता लिफ्ट आहे, सोसायटी आहे. मी सुकट भाजली की समोरची दार लावून घेते, मग व्हॉट्सॲपवर मेसेज पडतो. हे गेटवर वॉचमन आहेत. पाणी कुठूनच दिसत नाही, डोक्यावरून विमानं जातात. तरी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतात, "आता उतराया लागली असंल." इथं कुणाला काय त्याचं? मीच आपली 'हो' म्हणते.

परवा वाशीच्या बाजारात आपल्या गावची पारू भेटली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "खाडीत मासली आली गो, निवट्या परत दिसतान चिखलात. तुझ्या दिरानं पाटीभर आनल्या." घरी येऊन यांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. तर म्हणाले, "त्याला वेळ कोन सांगतो आता?"

गाव सुटलं तेव्हा वाटलं, घर गेलं. ओटी गेली, तुळस गेली. आता तसं वाटत नाही. कुणीतरी येऊन यांना भरती कधी ते विचारलं, की या चौथ्या माळ्यावरही मला घर मिळेल.

तेव्हा ये लवकर. कुडामागून नको, लिफ्टनं ये, भरदिवसा ये. निवट्या आण, मी दार उघडं टाकून रांधीन. आणि नवऱ्याला घेऊन ये. त्याला म्हणावं, माफी नको, काही नको. दारात उभं राहून वेळ तेवढी विचार.