औषधांच्या कपाटावरचा कागद

दुपारचे दोन वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. लकडगंजातल्या एका आरा मशीनवर डॉ. दामिनी घाटोळे भुशात गुडघे टेकून मधुकररावांच्या छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड चिकटवत होत्या. घामावर लाकडाचा भुसा बसला होता, त्यामुळे ते धरत नव्हते. त्यांनी मधुकररावांच्याच गळ्यातला दुपट्टा घेऊन छाती पुसली आणि पुन्हा चिकटवले.

दामिनी एकोणचाळीस वर्षांच्या आहेत, बीएएमएस. सात वर्षांपासून सरकारी रुग्णवाहिकेवर दिवसपाळी करतात, सकाळी आठ ते रात्री आठ. पूर्वी त्या पेशंटला आधी गाडीत घेत आणि ईसीजी नंतर काढत. कुठेही पाच मिनिटांच्या वर थांबायचं नाही, याचा त्यांना अभिमान होता. अकरा महिन्यांपूर्वी त्याच गाडीवर रात्रपाळीला पियुष काळबांडे आला. अठ्ठावीस वर्षांचा. तो ईसीजी पेशंटच्या घरातच काढायचा आणि त्याचा फोटो रुग्णालयाला पाठवायचा. गाडी पोचेपर्यंत तिथे अँजिओप्लास्टीची तयारी झालेली असे. जानेवारीच्या बैठकीत रुग्णवाहिका सेवेच्या साहेबांनी त्याला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. दामिनींनीही वाजवल्या. त्यानंतर त्याही ईसीजी जागेवरच काढू लागल्या, आणि आपण हे आधीपासून करतो असं सांगू लागल्या.

गाडीचा चालक धम्मदीप मेश्राम एक आठवडा दिवसा असतो, एक आठवडा रात्री. त्यामुळे पियुष सरांनी काय केलं हे दामिनींना न विचारता कळत असे. वर्धा रोडवरच्या एका रुग्णालयात तर दिवसाही त्यांच्या गाडीला ‘पियुष सरची गाडी’ म्हणत.

पियुषने औषधांच्या कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला होता. अँजिओप्लास्टी होते अशी शहरातली पाच रुग्णालयं, त्यांचे नंबर, आणि बाजूला पेन्सिलीने काही नोंदी. त्या दिवशी सकाळी दामिनींनी तो काढला. टेपने दार खराब होतं, असं त्या धम्मदीपला म्हणाल्या. कागद घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला.

मधुकररावांच्या ईसीजीची रेघ तीन ठिकाणी वर उचललेली होती. हार्ट अटॅकच होता. दामिनींनी त्यांना ॲस्पिरिन चघळायला दिली, ऑक्सिजन तपासला, सलाईनची सुई लावली आणि स्ट्रेचर गाडीत घेतलं. धाकटे भाऊ देवाजी सोबत बसले. सगळ्यात जवळचं रुग्णालय सहा मिनिटांवर होतं. दामिनींनी त्याचं नाव सांगितलं.

धम्मदीपने गाडी सुरू केली, पण हलवली नाही. तो मागे वळून कपाटाच्या दाराकडे बघत होता.

“मॅडम, तिथं फोन करून पाहा लागते जी. पियुष सर रोज पाचही ठिकाणी फोन करते, अँजिओप्लास्टीची मशीन बंद असली तर कागदावर लिहून ठेवते.”

“सात वर्षं नेतेय मी तिथं. मला पाठ आहे.”

“पाठ तं मलेही आहे,” धम्मदीप म्हणाला. गाडी तरीही उभीच होती.

मधुकररावांना उलटी झाली. दामिनींनी त्यांची मान कुशीला वळवली, तोंड पुसलं. मग डब्याची पिशवी उघडली. कागदाच्या एका कोपऱ्याला भाजीचं तेल लागलं होतं. पहिल्याच ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं: मशीन बंद, चौदा तारखेपर्यंत. त्या दिवशी बारा तारीख होती.

धम्मदीपने आरशातून कागदही पाहिला आणि पिशवीही.

जवळच्या ठिकाणी रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं असतं. पण पंचवीस मिनिटांत चालू मशीनवर पोचता येत असेल, तर तेच बरं. दामिनींनी कागदावरच्या वर्धा रोडच्या नंबरावर फोन केला, ईसीजीचा फोटो पाठवला आणि धम्मदीपला गाडी तिकडे घ्यायला सांगितलं.

“जवळचं सोडून इतक्या दूर काहून नेऊन राहिले?” देवाजींनी विचारलं. दामिनींनी कारण सांगितलं. कागदाचं सांगितलं नाही.

तीन वाजून अठरा मिनिटांनी गाडी पोचली. दारात डॉक्टर उभाच होता.

“पियुष सरची गाडी ना? आम्ही तयार आहोत.”

“दिवसाची गाडी,” दामिनी म्हणाल्या, आणि पेशंट सोपवल्याच्या कागदावर आपलं नाव नेहमीपेक्षा मोठं लिहिलं. पाऊण तासात मधुकररावांची रक्तवाहिनी उघडली. ते वाचले.

गाडी परतल्यावर दामिनींनी कोरा कागद मागवला. पाचही नावं आणि नंबर स्केचपेनने, पट्टीने रेघा मारून, पियुषपेक्षा सुबक लिहिले. धम्मदीपने टेप धरला.

“अक्षर भारी आहे, मॅडम,” तो म्हणाला. “आता फोनही तुम्हालेच करा लागन.”

आठला दहा कमी असताना पियुष आला. दारावरचा कागद त्याने वरपासून खालपर्यंत वाचला. जुना कुठे गेला, हे विचारलं नाही. खिशातून पेन्सिल काढून चौथ्या नंबरचा शेवटचा आकडा बदलला. आज दुपारीच कळलं, म्हणाला. दामिनींनी डब्याची पिशवी उचलली. जुना कागद तिच्यातच होता.

उद्या सकाळी आठला ऑक्सिजन सिलिंडरचा काटा रजिस्टरमध्ये लिहून झाला, की दामिनींना पाच फोन करायचे आहेत. पहिला नंबर सहा मिनिटांवरच्या रुग्णालयाचा. तिथलं मशीन उद्याही बंद आहे.