उशिराचे लाल शेरे

ती केस मला आजही आठवते, ती एका म्हशीमुळे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून महिन्यात तीनदा पितळी साचे गेले होते. गेटवरचा वॉचमन स्वतः ठाण्यात आला.

"साहेब, आमच्यातला एक मोल्डर हाय, साच्यांवर काम करणारा. तिन्ही चोऱ्यांच्या दिवशी सकाळी उशिरा आला. आता तुम्हीच बघा की!"

तीनपैकी तीन वेळा! मी तर खूशच झालो. मोल्डरला चौकशीला बोलावलं. पस्तिशीचा, काटक माणूस. पुढच्या आठवड्यात तो पर्मनंट होणार होता. चोरीत नाव आलं असतं तर संपलंच सगळं.

"उशीर का झाला?"

"म्हशीची धार काढून, डेअरीला दूध घालून येतोय साहेब."

"नेमका त्याच तीन दिवशी?" मी टेबलावर हात आपटला.

"न्हाय वो, रोजच की!" तो रडकुंडीला आला.

संशयिताचं 'रोज' पोलीस कशाला मानतील? पण आमच्या जुन्या हवालदारांच्या घरी दोन म्हशी होत्या. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, चोरी झाली न्हाय त्या दिवशी ह्यो कवा आला, ते कुणी बघितलंय का?" खरं सांगतो, लाज वाटली. ते मीच आधी बघायला हवं होतं.

हजेरीपट मागवला. सव्वीसपैकी बावीस दिवस नावापुढे उशिराचा लाल शेरा! कामाला एक नंबर म्हणून फोरमन चालवून घेत होता. असा माणूस कुठल्याही तीन दिवशी उशिरा सापडण्याचीच शक्यता जास्त. वॉचमन खोटं बोलला नव्हता, त्याच्या लक्षात चोरीचेच दिवस राहिले होते.

मग गेटचं रजिस्टर चाळलं. त्या तीन दिवशी असं काय घडलं, जे एरवी घडत नाही? भंगाराचा टेम्पो एरवी फक्त शनिवारी यायचा. याच तीन वेळा तो मधल्या वारी आला होता. एकदा तोंड भाजलं होतं, म्हणून लगेच अटक केली नाही, पाळत ठेवली. टेम्पो पुन्हा मधल्या वारी आला तेव्हा पंचांसमोर झडती घेतली. भंगाराखाली साचे होते. टेम्पोवाल्यानं कबुली दिली आणि मोल्डर ठरल्या दिवशी पर्मनंट झाला.

तेव्हापासून कुणी 'कायम' किंवा 'कधीच नाही' म्हणालं, की मी विचारायचो, "किती दिवस बघितलं?" बहुतेकांचं उत्तर दोन-तीनच्या पुढे जात नाही. माझंही गेलं नव्हतं.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी मोल्डरलाही जेवायला बोलावलं होतं. खरवसासाठी म्हशीच्या चिकाचा डबा घेऊन तो धावतच आला.

"साहेब, उशीर झाला वो..."

"माहीत होतं," मी म्हटलं. "म्हणून तर पंगत अर्धा तास उशिराची ठेवलीय. बस."