आमच्या गल्लीचे कंडक्टर

कोणावरही विश्वास न ठेवता माणूस सत्तरी पार करू शकतो आणि वर तब्येतही चांगली ठेवू शकतो, हे मला आमच्या समोरच्या घरातल्या कंडक्टर मामांमुळे कळलं. ते माझे मामा नव्हेत. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून नांदुऱ्याच्या स्टेशनमागची आमची अख्खी गल्ली त्यांना याच नावानं ओळखते. बसमध्ये चढलेला प्रत्येक माणूस विनातिकीट आहे असं धरून चालायचं आणि तो तसा निघाला नाही की थोडं हिरमुसायचं, ही नोकरीतली सवय त्यांनी गल्लीतही चालू ठेवली. दूधवाला पाणी घालतो हा संशय कोणीही घेईल. मामांना संशय असा, की हा पाणी घालत नाही, म्हणजे याचा काही तरी मोठा बेत असला पाहिजे. जावई आला की तो कोणत्या गाडीनं आला हे विचारून घेत आणि ती गाडी त्या दिवशी वेळेवर होती का, हे हळूच स्टेशनात जाऊन पाहून येत. मुलीला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस रागावली होती, तर मामांना तिच्या रागाचाच संशय यायला लागला.

आणि गल्लीही अशी, की त्यांच्या या गुणाला खाद्य कमी पडू नये. रेल्वेमुळे इथं कुठून कुठून माणसं येतात आणि त्यातली काही राहून जातात. संग्रामपूरकडून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबं, धान्यबाजारातले मुनीम, पाणीपुरीच्या गाड्या लावणारे उत्तरेकडचे लोक, आणि मामांच्या भिंतीला भिंत लावून राहणारे, रुई पिंजून गाद्या भरणारे रोहिणखेडचे चाचा. "मिक्स वस्ती आहे, जरा जपून," असं मला शाळेतल्या सहकाऱ्यांनी सांगितलं होतं. जपायचं कोणापासून, हे मात्र कोणी नीट सांगेना. मामांचं तसं नव्हतं. संशय घेताना त्यांनी जात, धर्म, भाषा असा भेद कधी केला नाही. चाचा आणि ते वर्षानुवर्षं सकाळचा चहा एकाच ओट्यावर पीत, आणि तरी मामा मला चाचांच्या देखत सांगत, "हे सोताले रोहिणखेडचे म्हन्ते, पन मले अजून पक्कं नाही." चाचा बशीतला चहा फुंकत म्हणत, "हाव, तुमच्याबद्दल मलेबी नाही."

माझी तपासणी तर सामानाची गाडी रिकामी व्हायच्या आत झाली. मी जालन्याहून बदलून आलो, असं सांगितल्यावर मामांनी विचारलं, "मंग वाटेतल्या देऊळगावराजाच्या स्टँडवर चहाची टपरी कोनत्या अंगाले हाये?" मी म्हणालो, डावीकडे. "गाडी आत येतांना का बाहेर निघतांना?" मी गडबडलो. ते नुसतं "बरं बरं" म्हणाले आणि पुढचे कित्येक महिने माझ्याकडे अर्ध्या रस्त्यात चढलेल्या प्रवाशासारखं पाहत राहिले. त्यांचा आणखी एक नेम होता. दिवेलागणीला ओट्यावर उभं राहून ते गल्लीची मोजदाद करत. दवाखान्यातली नर्सबाई आली, मुनीम आले, मास्तर, म्हणजे मी, आले. सगळे आपापल्या घरात शिरले की फाटकाच्या कडीचे दोन ठोके देत, गाडी सोडायला घंटी देतात तसे, आणि मगच आत जेवायला बसत. कोणी राहिलं असेल तर मामींनी वाढलेलं ताट तसंच निवत पडे. मला हे ठोके सुरुवातीला जाचक वाटत. पुढे एकदा मामा तापानं पडले आणि ठोके झाले नाहीत, तर आपलं दार लागलंय की नाही हे मी पुन्हा पुन्हा उठून पाहत होतो.

पण मामांचा सगळ्यात लाडका संशयित होता तो कंबलवाला. दर हिवाळ्याच्या तोंडाशी बिजनोरकडचा हा उंच, सावकाश बोलणारा माणूस गाठोडं घेऊन गाडीतून उतरायचा. गल्लीत शिरला की आधी मामांच्या ओट्यावर गाठोडं सोडायचं, एकेक कंबल झटकून दाखवायचं, गाव सांगायचं, घरची माणसं सांगायची, मागच्या वर्षी सांगितलेल्याशी ते जुळतंय का हे मामांनी पाहायचं आणि मगच त्यानं पुढच्या दारी जायचं, हा रिवाजच पडला होता. मामांनी त्याच्याकडून एकही कंबल घेतलं नाही. चहा मात्र दर वेळी पाजला. "चहा पेला का मानूस खरं बोलते," असं त्यामागचं कारण ते मला देत.

त्या वर्षी लोकांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. कंबल विकायच्या निमित्तानं टोळी येते, घरं हेरून जाते, सावध राहा. आणि नेमका त्याच दिवसांत एका दुपारी कंबलवाला आला. बाजूच्या रस्त्यावरच्या जवान पोरांनी त्याला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं. इथं कोणाला ओळखतो, म्हणून विचारलं. आपला खरेपणा पटावा म्हणून त्या भल्या माणसानं जे माहीत होतं ते सगळं सांगून टाकलं. नर्सबाईची ड्यूटी केव्हा असते, मास्तर दिवाळीला जालन्याला जातात, चाचा किल्ली कोणत्या कोनाड्यात ठेवतात, मुनीमजींच्या मागच्या दाराची कडी नीट बसत नाही. शब्दन् शब्द खरा होता, आणि म्हणूनच ते त्याच्या अंगाशी आलं. कोणी तरी कॉलर धरली, कोणी गाठोडं ओढलं. माणसं वाढायला लागली. खरं सांगतो, मलाही तो चोरच वाटायला लागला होता. आपल्या घराची गोष्ट परक्या तोंडून ऐकली की अक्कल गहाण पडते.

तेवढ्यात मामा आले, मागून चाचा. मला वाटलं, जन्मभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो आज मामांना मिळाला. कॉलर धरणाऱ्या पोरालाही तेच वाटलं असावं. "मामा, तुमीच पाहा," तो म्हणाला. "याले आपल्या गल्लीचं सगळं माहीत हाये. कोनं सांगतलं याले?"

मामा कंबलवाल्याकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्या सांगतलं," ते म्हणाले.

मग मामाच पुढे बोलले. "आपलं एक सांगतलं का समोरचा त्याचं एक सांगते. गाडीत आमी असंच पुसत जाओ. याच्या पोटातलं काढता काढता म्या सगळी गल्ली याच्यापुढे मांडून ठेवली." कोणी तरी मागे हसलं. मामांनी मान खाली घातली, मग वर केली आणि त्या पोराचा हात कॉलरवरून आपल्या हातानं सोडवला. "पाय बे, या मानसावर मी लय वर्सं झाले संशय घेऊन राह्यलो. तू आज दुपारपासून घेऊन राह्यला. तुह्यापेक्षा मले जास्त माहीत हाये. गाठोडं दे त्याचं." चाचांनी पुढे होऊन गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. पोरं कुरकुरत पांगली. मग मामांनी त्याला ओट्यावर नेऊन बसवलं आणि दरवर्षीप्रमाणे सगळी कंबलं झटकायला लावली, एकही न सोडता.

त्यानंतर मात्र ते बरेच दिवस बाहेर बसले नाहीत. ज्या गल्लीची राखण केली तिला सगळ्यात मोठा धोका आपलाच होता, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. संध्याकाळचे ठोकेही थांबले. शेवटी एका सकाळी चाचा दोन कपबशा घेऊन सरळ त्यांच्या घरात शिरले. "कंडक्टर," ते म्हणाले, "त्या दिवशी मले पक्कं झालं. तुमी इथलेच हाये." मामा बाहेर आले. चाचांबद्दल त्यांना पक्कं झालं की नाही, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मामी गेल्या आणि मुलानं त्यांना पुण्याला नेलं. तिथं मोठी सोसायटी आहे, फाटकावर कॅमेरे, वॉचमन. पहिल्याच फोनवर मामांनी सांगितलं की वॉचमन त्यांना रोज विचारतो, कोणाकडे जायचंय. "मानूस कामाचा हाये," असं कौतुक केलं. नंतर हळू आवाजात म्हणाले, "पन मास्तर, मी काय सांगतो ते ऐकतच नाही तो. निस्तं पुसते."

यंदा हिवाळ्याच्या तोंडाशी दिवेलागणीच्या सुमारास कंबलवाला आला. मामांच्या दाराला कुलूप. हे त्याला स्टेशनातच कळलं होतं, तरी तो त्या ओट्यावर बसला, गाठोडं सोडलं आणि एकेक कंबल झटकून घडी घालायला लागला. समोर पाहणारं कोणी नव्हतं. मला ते बघवेना. मी मामांना फोन लावला.

"उघडलं का गाठोडं?" त्यांनी विचारलं.

"उघडलं."

"नीट पाहा. भरवसा ठेवू नका." आणि मग, "चहा पाजला का त्याले?"

म्हणालो, चाचा घेऊन येताहेत. मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "गल्लीत सगळे आले ना, मास्तर?"

"सगळे आले," मी म्हणालो.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझं बोलणं पडताळून न पाहता खरं मानलं, आणि नेमकं तेच खरं नव्हतं. एक माणूस कमी होता. मी मामांच्या फाटकापाशी गेलो आणि फोन कडीजवळ धरून दोन ठोके दिले.