कवळीताईची इटालियन भांडी

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देण्यात तिची चौतीस वर्षं गेली, म्हणून सगळे तिला कवळीताई म्हणत. भट्टीतून निघालेल्या दाताची चकाकी अस्सल की ओढूनताणून आणलेली, हे तिला एका नजरेत कळे. त्याच नजरेनं तिनं जुन्या बाजारात, गंजक्या इस्त्र्यांच्या ढिगात, एक निळी फुलदाणी हेरली. तळाशी ‘इटली’ आणि कारागिराची सही. पन्नासेक वर्षांपूर्वीचं काम. तिथून तिला जे वेड लागलं ते लागलंच. फुलदाण्या झाल्या, बश्या झाल्या, मग बदकाच्या मानेसारख्या तोटीची चांदीची किटली आली. स्वयंपाकघरात तवा ठेवायला जागा उरली नाही.

“लोक पोरं वाढवतात, आमची ताई बश्या वाढवते,” धाकटा भाऊ पाहुण्यांदेखत म्हणायचा.

“बश्या उलटून बोलत नाहीत,” ती म्हणायची.

एकदा संग्रहालयाच्या बाई घरी आल्या, थक्क झाल्या आणि प्रदर्शनासाठी चाळीस नग घेऊन गेल्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ताई भावाला घेऊन मांडणी बघायला गेली. तिच्या कपाटावर पाटी होती, ‘खाजगी संग्रह’. शेजारच्या कपाटावर ठळक नाव आणि खाली ‘सुप्रसिद्ध वकील’.

“माझंही नाव लिहा,” ताई म्हणाली. “खाली लिहा, कवळ्या बनवणारी.”

बाई हसल्या. “नाव घालू हवं तर. पण कवळ्या... लोकांना जरा विचित्र वाटेल.”

“वाटू दे.”

“अहो, सगळ्या पाट्यांना एक दर्जा राखावा लागतो.”

ताईनं कपाट उघडलं, किटली उचलली आणि पदरात धरली. पहारेकरी धावत आला. भाऊ आता आपल्यालाच आवरायला येणार, असं तिला वाटलं. तो आला तो कोपऱ्यातले रिकामे खोके ओढत.

“वस्तू तिच्या आहेत,” तो पहारेकऱ्याला म्हणाला. “बाजूला व्हा, फुटेल काहीतरी.” आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं तिची एक बशी दोन्ही हातांनी उचलली.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला, नवी पाटी छापलीय म्हणून.

“आता राहू दे,” ताई म्हणाली. “रविवारी माझ्याकडेच या बघायला. चहा त्याच किटलीतून मिळेल.”

त्या रविवारी बघायला आलेल्या लोकांमुळे बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारात भाऊ उभा होता आणि बश्यांना हात लावण्याआधी येईल त्याला हात धुवायला पाठवत होता. बाईसुद्धा त्यातून सुटल्या नाहीत.