उघडी वायर आणि भिंतीवरचं सॉकेट

नववीच्या पालकांनो, हे आत्ताच वाचा.

वीजप्रवाहाचा धडा मी वर्गात संगणकावर शिकवला. पडद्यावर व्होल्टेज वाढवलं की बल्ब झगझगतो, फारच वाढवलं की बॅटरी पेटते. मुलं हसतात आणि रिसेट दाबतात.

आज दुपारच्या तुकडीला पहिल्यांदाच खरे सेल, बल्ब आणि वायरी दिल्या. श्रावणीचा बल्ब मंद लागला. मी वळून पाहिलं तर ती वायरीची उघडी टोकं घेऊन भिंतीवरच्या सॉकेटपाशी उभी होती. मी मनगट धरून तिला मागे ओढलं.

"काय चाललं होतं?"

"व्होल्टेज वाढवत होते, मॅडम. फार तर बल्ब उडेल ना?"

"बल्बचं सोड. तू मेली असतीस."

ती हळूच म्हणाली, "घरी वायर नव्हती, नाहीतर कालच करून बघितलं असतं."

सकाळच्या तुकडीला हेच साहित्य मी सरावासाठी घरी दिलंय. पंचवटीपासून सिडकोपर्यंत, शहरभर ती मुलं आत्ता घरात आहेत आणि तुमच्यापैकी बरेच जण कामावर. कित्येकांचे फोन लागत नाहीत.

आधी घरी फोन लावा. मग मला इथेच सांगा, तुमच्या मुलाच्या हातात आत्ता काय आहे?