भागूबाईंनी ओटी भरली नाही

पुण्याच्या समीर नावाच्या लाईन प्रोड्यूसरने दोन बायकांना फसवले. एक डेन्मार्कची इंगा आणि दुसऱ्या वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवस्तीवर राहणाऱ्या भागूबाई. इंगा विमानात बसून परत गेली. भागूबाई कुठे जाणार? त्यांना आज वस्तीत विचारतात, लग्नाआधी टाकलेले ते पोर कुणाचे होते. असे पोर त्यांना कधी झालेच नाही. आणि हे सगळे घडवायला समीरने तोंड माझे वापरले, म्हणून मी लिहितो आहे.

लाईन प्रोड्यूसर म्हणजे बाहेरून आलेल्या शूटिंगची सगळी सोय लावणारा. त्याच्या हाताखाली गावपातळीवर माझ्यासारखे लोक. भोर-वेल्ह्यात देऊळ, पडवी, बैलजोडी, मिशीवाला म्हातारा, जे लागेल ते मी मिळवून देतो. आधी कापूरहोळच्या चौकात माझा टेम्पो होता. एकदा एका शूटिंगचा जनरेटर ओढून नेला, आणि तिथून बघत बघत हा धंदा शिकलो. कुणी बोट धरले नाही. लोक कॅमेऱ्याला दार उघडतात ते कंपनी बघून नाही. मी सोबत असतो म्हणून.

समीरचा फोन आला. "शेठ, डॉक्युमेंटरी आहे. डायरेक्टर मॅडम तान्ह्या असताना इकडून दत्तक गेलेल्या."

अशा फिल्मा मला नव्या नव्हत्या. परदेशात वाढलेली ही मुले मोठी होतात आणि कॅमेरा घेऊन स्वतःचीच गोष्ट शोधायला येतात. एकाला मी पानशेतच्या बाजूला फिरवले होते. तो भेटेल त्याच्या चेहऱ्यात स्वतःचे नाक शोधायचा.

"आई सापडली का?" मी विचारले.

"नाही ना. म्हणून री-इनॅक्टमेंट करायचंय. एक आई बघा. खरी वाटली पाहिजे."

री-इनॅक्टमेंट म्हणजे प्रसंग कॅमेऱ्यासाठी करून दाखवणे. नाटकच, फक्त डॉक्युमेंटरीतले.

"ती खरी नाही, हे मॅडमना माहीत आहे ना?"

"शेठ, फिल्म त्यांचीच आहे!"

हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. असे बोलणाऱ्याचा बैल मी दात बघूनही घेत नाही. म्हणून पुन्हा विचारले. तो हसला. "लिहून देऊ का?" समोरचा असे म्हणाला की आपण लिहून घेत नाही. त्याला ते पक्के ठाऊक होते.

भागूबाईंची आणि माझी ओळख जुनी. शेळ्या-मेंढ्यांचे घर, बोलायला फटकळ.

"बापू, म्या काय नाचायचं हाय का?"

"नाचायचं न्हाई. पोरगी येईल, गळ्यात पडंल. तुमी आईवानी जवळ घ्यायचं."

"म्हंजी खोटी आय?"

"शिनेमातली."

"आन बाप नगं का? आमचं म्हातारं बसलंय की रिकामं."

शूटिंगच्या दिवशी समीरने सगळ्यांना बजावले, इंगा मॅडमशी कुणी बोलायचे नाही, त्या मूडमध्ये असतात. दुभाष्या तोच. भागूबाई लांबलचक बोलायच्या आणि समीर इंग्रजीत चारच शब्द टाकायचा. मला इंग्रजी बोलता येते मोडके, पण समजते सगळे. भाव करणाऱ्याला समजावेच लागते. शब्द गळत आहेत हे दिसत होते, पण कुठले, ते पकडता येत नव्हते.

पहिला शॉट चांगला झाला. लांबून कुणी घरी आले की दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, तसा भागूबाईंनी टाकला. इंगा गळ्यात पडली. समीरने आपल्या मोबाईलवरही ते टिपून घेतले. मग कट झाला.

कट झाला की नट पाणी मागतात, सावली शोधतात. इंगा भागूबाईंचा हात सोडीना. मला तिथे पहिल्यांदा फसवणुकीचा वास आला.

मग ती समीरला म्हणाली, लेक माहेराहून निघताना आई तिची ओटी भरते असे मी वाचले आहे, तेवढे होईल का? समीरने खूण केली. नारळ, तांदूळ, खण सगळे आणलेलेच होते. भागूबाईंनी ते बघितले आणि पदर खोचला.

"ह्ये नगं."

"काकू, दोन मिनिटांचं काम आहे," समीर म्हणाला.

"लेकीची ओटी आमच्यात देव्हाऱ्याम्होरं भरत्यात, देवाचं नाव घेऊन. म्या तिला लेक म्हनून देवाला खोटं सांगू? जवळ घ्या म्हनलात, घेतलं. देवाला मधी आनू नका."

समीर इंगाकडे वळून म्हणाला, "शी इज शाय." म्हणे त्या लाजतात!

कॅमेरामन बॅटरी बदलत होता. कॅमेरा बंद होता, माईक काढलेला होता. आणि इंगाने समीरला हळूच विचारले, "माझी आई माझ्यावर रागावली आहे का?"

बंद कॅमेऱ्यासमोर कुणी नाटक करत नाही.

समीरची कॉलर माझ्या हातात कधी आली ते कळले नाही. त्याला तसाच धरून मी माझ्या मोडक्या इंग्रजीत बोललो. "मॅडम, नॉट मदर. ॲक्टिंग. धिस मॅन टोल्ड मी, ॲक्टिंग."

ती ओरडली नाही. रडलीही नाही. शेळ्यांच्या वाड्याशेजारी दगडावर बसली. मग जे बोलली त्याचा अर्थ असा : "आई सापडली नाही, हीच माझी फिल्म होती. आमच्यातल्या बहुतेकांना ती सापडत नाही. पण बघणाऱ्यांना शेवटी मिठी हवी असते. मी तशीच न सापडण्यावर फिल्म करणार होते, तेवढ्यात याचा फोन आला. सापडली म्हणाला."

म्हणजे खोट्या आईची गरज फिल्मला नव्हती. गरज समीरला होती. मिठीशिवाय फिल्म चालणार नाही, हे त्याने परस्पर ठरवले होते.

भागूबाई माझ्या दंडाला धरून विचारत होत्या, काय झाले. मी सांगितले.

"पोरीला खरंच वाटत व्हतं व्हय? आन म्या तोंडावर नगं म्हनलं तिला?" मग त्यांनी हात धुतले. "बापू, तिला सांगा, पाव्हनी म्हनून भरते. पाव्हनीची ओटी खरी असती."

ती ओटी घेऊन इंगा गेली. पुढे तिने मला फिल्म पाठवली. त्यात मिठी नाही. ओटीला दिलेला नकार आहे आणि त्यानंतरची पाहुणीची ओटी आहे. खरे तेवढेच ठेवले आहे. पण तिकडची भाषा वस्तीवर कुणाला कळणार आणि अख्खी फिल्म कोण बघणार?

वस्तीवर पोहोचली ती समीरच्या मोबाईलमधली मिठी. त्याने ती नेटवर टाकली, वर लिहिले, 'वेल्ह्याच्या आईला परदेशातली लेक भेटली'. मार्गासनीपासून भोरपर्यंत प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर ती फिरली. भागूबाईंचा दीर भर अंगणात म्हणाला, "वैनी, एवढं पोटात ठिवलंत, बोलला न्हाई कदी!" भागूबाईंच्या धाकट्या पोराचे लग्न जवळजवळ ठरले होते. मुलीकडचे आता फोन उचलत नाहीत.

मी समीरला फोन केला. म्हणालो, ते काढ, आणि खरे काय ते लिही.

"शेठ, लाखो लोकांनी बघितलंय. काकूंचा चेहरा जगभर गेला. शिवाय त्यांनी होकार दिला होता."

"नाटकाला दिला होता. आणि जगभर जाऊन काय करायचं? त्या वस्तीवर राहतात."

त्याने क्लिप काढली. खरे मात्र लिहिले नाही. क्लिप काढल्यावर लोक म्हणाले, बघा, लपवायचे होते म्हणून काढली.

या धंद्यात आता मी डायरेक्टरशी स्वतः बोलल्याशिवाय कुणाचे दार वाजवत नाही. मधल्या माणसाला राग येतो. येऊ दे.

मी वस्तीवर जाऊन खरे काय ते सांगितले. लोक म्हणाले, बापू, तुमीच तर त्यांना घेऊन आला व्हता. माझा शब्द तिथे आता चालत नाही. म्हणून समीर, तू ये. भागूबाईंच्या अंगणात, त्यांच्या दिरासमोर आणि धाकट्याला ठरत आलेल्या मुलीच्या बापासमोर उभा राहा, आणि सांग : ही आई तू कुणाला विचारून बनवलीस?