आता तुम्ही म्हणा

तुला जर्मन कसं येतं, असं कोणी विचारलं तर मी विषय बदलते. सातवीत शाळा सुटलेल्या, दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटणाऱ्या बाईनं असलं काही सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग नको तितकं कौतुक करतात. दोन्हीनं मला घाम फुटतो. आणि खरं म्हणजे ती भाषा मला आलेलीच नाही. काही वाक्यं आली, तीही माझ्यासाठी नव्हती. ती काकूंची होती. काकू गेल्या आणि वाक्यं माझ्याकडे राहिली.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्यानंतर थोड्याच दिवसांत मी चौबे कॉलोनीत काकूंकडे आले. माझं गाव तिकडे यवतमाळच्या पलीकडे. तिथं आता माझं म्हणावं असं कोणी नाही. काकूंनी मला स्वयंपाकाला ठेवलं आणि मागची खोली दिली. कोणती कागदपत्रं मागितली नाहीत, मागचं काही विचारलं नाही. रोज संध्याकाळी एवढंच विचारायच्या, "आज काय केलं वं दिवसभर?" घरातच तर होते मी, त्यांच्या डोळ्यांसमोर. तरी विचारायच्या, आणि मी सांगून होईपर्यंत ऐकायच्या. असं ऐकणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं.

काकूंचा मुलगा जर्मनीत. तो लहानपणापासून मराठी समजायचा आणि उत्तर हिंदीत द्यायचा, इथल्या बहुतेक मराठी पोरांसारखं. नात तिकडेच जन्मली, ती जर्मनमध्येच बोलायची. रविवारी फोनवर तिचा चेहरा दिसायचा. ती हात हलवून हलवून केवढं तरी सांगायची, आणि मग मुलगा म्हणायचा, "बोल रही है, सब ठीक है, मम्मी."

 एकदा फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "एवढं मोठं बोलली पोट्टी, अन त्याचं एवढंसंच 'ठीक है'? बाकीचं कुठं गेलं?" मी भाजी निवडत होते. त्याच पुढं म्हणाल्या, "पोरगं हिंदीत गेलं, जाऊ देल्लं मी. आता नात जर्मनमंदी चालली. माह्या घरात मीच परदेशी होऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन घेऊन बसवलं. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून बघायचं मी आणि बोलायचं त्यांनी. त्यांना पुस्तकभर भाषा नको होती. नातीला स्वतःच्या तोंडानं विचारायचं होतं, आज काय केलंस? आणि तिचं उत्तर, समजो न समजो, पूर्ण ऐकायचं होतं. मधे कोणी नको.

शिकवणारे इतके निघाले की कोणाला धरावं कळेना. पहिलं एक ॲप होतं, रंगीबेरंगी. चित्र दाबा, शब्द दाबा, बरोबर आलं की टाळ्या. सफरचंद लाल आहे, मुलगा पाणी पितो. काही वेळा चुकलं की धडा बंद, परत थोड्या वेळानं या. काकू म्हणाल्या, "चुकायलेच तं बसलो आपण. चुकू नाई देत तं शिकवते काय?" शिवाय त्यात तोंड उघडावं लागतच नव्हतं. बोटं शिकत होती, जीभ तशीच.

मग व्हिडिओवाला एक मुलगा. हिंदीत छान समजवायचा, पण अर्धा वेळ स्वतःबद्दल बोलायचा, आणि महिन्याभरात फाडफाड बोलाल म्हणायचा. "मुदत शिंप्यानं सांगावं," काकू म्हणाल्या, "अन तो बी खोटंच सांगते." तिसरीकडे फोनवरच समोरासमोर वर्ग होता. चौकटी चौकटीत पोरं-पोरी, सगळी नोकरीसाठी शिकणारी. बाई त्यांना भराभर प्रश्न विचारायची. काकूंची पाळी आली, काकूंनी ओठ हलवले, तोवर बाई पुढच्या चौकटीत. काकूंनी पदर सारखा केला आणि मला खूण केली, बंद कर.

तेव्हापासून त्यांनी परीक्षा ठरवली. कोणीही नवा शिकवणारा मिळाला की त्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून धडा लावायच्या आणि मी स्वयंपाकघरात पोळ्या करायची. थोड्या वेळानं हाक यायची, "काय म्हनली ती? सांग." मला फोनचा पडदा दिसत नसे, हात पिठात असत. तरी वाक्य माझ्या तोंडात आलं तर शिकवणारा पास. "स्वयंपाकघरापर्यंत पोचते तेच खरं. बाकी सगळा तमाशा."

बरेच नापास झाले.

पास झालं ते इंटरनेटवरचं एक जुनाट पान. चित्र नाही, रंग नाही, नुसत्या एकाखाली एक ओळी आणि दाबलं की आवाज. आवाज एका म्हाताऱ्या जर्मन बाईचा. ती एक वाक्य म्हणायची, सावकाश. मग म्हणायची, "येट्स्ट झी." म्हणजे आता तुम्ही म्हणा. आणि मग गप्प बसायची. ही गप्प बसण्याची जागा खूप लांब होती. दुसरे लोक असली जागा ठेवतच नसत, किंवा ठेवली तर घाईची. ही बाई खरंच थांबायची. तिच्या खुर्चीची कुरकुर ऐकू यायची, दूर कुठेतरी एखादं दार. जणू ती आपल्याकडे बघत बसलीय. काकूंच्या जिभेला तेवढा वेळ पुरायचा.

पानाच्या तळाशी लिहिलं होतं की हे शेवटचं कधी बदललं. फार जुनं होतं ते.

"असन का वं ती अजून?" काकूंनी विचारलं.

"कोण?"

"मास्तरीन."

मी म्हटलं, असेल. काकू म्हणाल्या, "नसली तरी थांबून तं आहे बिचारी."

मग दुपारची रीतच पडली. कूलरची घरघर, त्यात त्या बाईचं वाक्य, मग काकूंचं लांबवलेलं वाक्य, मग पोळपाटावरून माझं. वास हास्त डू हॉयट गेमाख्ट? आज काय केलंस? शेवटचा तो घशातला 'ख' काकूंना कधी जमला नाही. 'गेमाक्ट' म्हणायच्या आणि स्वतःवरच चिडायच्या. मला जमायचा, पण मी हळू म्हणायची.

एका रविवारी त्यांनी फोनवर विचारलंच. नात पडद्याजवळ आली, डोळे मोठे करून बघत राहिली. आता बोलेल असं वाटलं, तेवढ्यात मुलगा आनंदानं ओरडला, "अरे वा मम्मी, जर्मन," आणि फोन स्वतःकडे फिरवून कुठून शिकली, कशी शिकली, विचारत सुटला. त्यानं कौतुकच केलं. पण त्या कौतुकात पोरीचं उत्तर राहून गेलं. काकू म्हणाल्या, "फोनवर नाईच होत. उन्हाळ्यात येऊन राहिले ना ते, तवा समोर बसवून इचारतो."

उन्हाळा लागायच्या तोंडावर काकू झोपेतच गेल्या.

मुलगा एकटा येऊन सगळं करून गेला. मला म्हणाला, "दीदी, आप यहीं रहिए, बाद में देखेंगे." मी हात जोडले. ते 'बाद में' मात्र रोज माझ्याबरोबर जेवायला बसायचं.

दुपारी घर सहन होईना. मी काकूंचा फोन खुर्चीवर ठेवायची, धडा लावायची आणि आत पोळ्या करायला जायची. एकटीला लागतात किती, पण करायची. बाई वाक्य म्हणायची. आता तुम्ही म्हणा, म्हणायची. मग ती लांब जागा यायची, आणि त्या जागेत काहीच नसायचं. कूलर, खुर्चीची कुरकुर. ही खुर्ची तिची की काकूंची, तेही कळेनासं व्हायचं. माझी पाळी काकूंच्या नंतरची, म्हणून मीही बोलत नसे. बाई तेवढी थांबायची आणि पुढचं वाक्य घ्यायची.

जूनच्या शेवटी, पाऊस लांबला होता तेव्हा, मुलगा नातीला घेऊन आला. घराचं काय करायचं ते ठरवायचं होतं. नुकती शाळेत जाऊ लागलेली पोरगी, उन्हानं लाल झालेली. माझ्याकडे बघायची आणि बापामागे लपायची. काकूंचं वाक्य माझ्या छातीवर येऊन बसलं होतं. ते मी विचारायचं का? मी कोण? पोर घाबरली तर? मुलाला वाटलं, आईची जागा घ्यायला निघाली, तर?

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दुपारी मुलगा कोणाला तरी भेटायला शंकर नगरला गेला आणि पोरगी आतल्या खोलीत झोपली. सवयीनं मी फोन खुर्चीवर ठेवला, धडा लावला, आत गेले. वास हास्त डू हॉयट गेमाख्ट? येट्स्ट झी. मग ती जागा.

आणि त्या जागेत हॉलमधून कोणीतरी वाक्य म्हणालं. बारीक आवाजात, कूलरच्या घरघरीतून. शेवटचा 'ख' स्वच्छ.

माझ्या मनात आलं ते एवढंच, की जमलं काकूंना.

मी वळले नाही. बाई पुढचं वाक्य म्हणाली, थांबली, आणि परत तो आवाज आला. तव्यावरची पोळी काळी झाली, धूर डोळ्यांत गेला, तरी मी पाठ करूनच उभी राहिले. धडा संपला. थोड्या वेळानं बाहेर आले तेव्हा खुर्चीवर फोन होता आणि हॉल रिकामा.

संध्याकाळी पोरगी पायरीवर बसून कूलरच्या बादलीत हात बुडवत होती. काकू ज्या वेळी विचारायच्या तीच वेळ. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि विचारलं. माझा आवाज काकूंसारखा लांबला, कारण मी ते वाक्य शिकले होते त्यांच्याच तोंडून.

ती बघत राहिली. काहीच बोलेना. मला वाटलं चुकलं, उठावं. पण त्या म्हाताऱ्या बाईची खुर्ची आठवली. मी थांबले. आणि मग पोरगी बोलू लागली. ओले हात हलवत, आतल्या खोलीकडे, हॉलकडे, माझ्याकडे बोट दाखवत. माझ्या हाती दोनच शब्द लागले. तोवर तिचा बाप फाटकातून आत आला होता.

"क्या बोल रही है ये?" मी त्यालाच विचारलं.

"कुछ नहीं दीदी. खेल रही थी, बोल रही है."

शब्द आले, पण ते माझे नव्हते. "भैया, एवढं मोठं बोलली ती. बाकीचं कुठं गेलं?"

 तो चपला न काढता तिथंच पायरीवर बसला, मुलीला परत सगळं सांगायला लावलं, आणि एकेक वाक्य मला सांगू लागला. बादलीतलं पाणी गरम आहे. भिंतीवर एक मांजर येतं, त्याचा एक कान अर्धा आहे. दुपारी जाग आली तर बाहेरच्या खुर्चीतून एक आजी बोलत होती. ती सारखी म्हणत होती, आता तुम्ही म्हणा, आणि कोणीच म्हणत नव्हतं. तिला वाईट वाटेल, म्हणून मी म्हटलं.

 मग तो मराठीत, अडखळत म्हणाला, "आई रोज... ऐकायची का हे?"

मी हो म्हटलं. पोरगी परत पाण्यात हात घालून बसली होती.

घराचं पुढं जे व्हायचं ते झालं. मला त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही, ते उपकार मी विसरणार नाही. पण त्या दुपारी मी मागे वळून पाहिलं नाही, हे बरं केलं असं अजून वाटतं. वळले असते तर मला तिथं एक लहान पोर दिसलं असतं, आणि तेवढंच दिसलं असतं.